रेंज आभाळातून पडत नाही

20 जुलै 2021 रोजी चीनमधल्या हेनान प्रांतात झेंगझोऊ शहरावर एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी त्याच भागातल्या मीहे गावाचा रस्ता, वीज आणि नेटवर्क तिन्ही तुटलेली होती. संध्याकाळी सव्वासहानंतर तिथल्या फोनना एकाएकी रेंज आली आणि पाठोपाठ एक एसएमएस आला. विंग लूंग हे मानवरहित विमान तुमच्या गावावर आलं आहे, चायना मोबाइलचं नेटवर्क तात्पुरतं सुरू आहे, विमानाला फार वेळ थांबता येणार नाही, सेवा पाचच तास राहील, तेवढ्यात परिस्थिती कळवा आणि घरच्यांशी बोलून घ्या, असा त्याचा आशय होता. उडत्या नेटवर्कविषयी कंपन्यांनी आजवर काढलेल्या पत्रकांत या एसएमएसइतका प्रामाणिक मजकूर क्वचितच सापडेल. एरवी या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. ड्रोन उडवला की खाली रेंज पसरली, आता टॉवरची गरजच उरली नाही, हा एक. आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर दाखवण्यापुरतं, हा दुसरा. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. आपण ड्रोनला टॉवर समजतो. प्रत्यक्षात तो टॉवरचा फक्त शेंडा आहे.

टॉवर जवळून पाहिला तर हे लगेच कळतं. वर अँटेना आणि रेडिओची खोकी दिसतात, पण खरा पसारा पायथ्याशी असतो: विजेची जोडणी, बॅटऱ्यांची कपाटं, बहुतेक ठिकाणी डिझेल जनरेटर, आणि जमिनीतून कंपनीच्या मुख्य यंत्रणेकडे जाणारी फायबरची केबल किंवा पुढच्या टॉवरकडे तोंड करून बसवलेली गोल थाळी. फोन टॉवरशी बोलतो तेव्हा आधी त्याच्या सिमची ओळख पटवावी लागते. ती ओळख टॉवरमध्ये नसते, कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेत असते. ही वाट तुटली, तर टॉवर ताठ उभा असूनही फोनच्या दृष्टीने तो मेलेला असतो. ड्रोन यातला फक्त वरचा भाग उचलतो. वीज कुठून येणार आणि कॉल पुढे कुठे जाणार, हे दोन्ही प्रश्न होते तिथेच राहतात.

पोर्तो रिकोत हे उघड्या डोळ्यांनी दिसलं. 20 सप्टेंबर 2017 रोजी मारिया चक्रीवादळ त्या बेटावरून गेलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या सरकारी नोंदीनुसार तिथली 95 टक्क्यांहून अधिक मोबाइल केंद्रं बंद होती. नोव्हेंबरमध्ये एटी अँड टी कंपनीने तिथे ‘फ्लाइंग काऊ’ उडवली. ‘सेल ऑन विंग्ज’ची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं, उडती गाय म्हटल्यावर हसू येतं, पण नावात एक सत्य आहे. ही गाय दाव्याला बांधलेली होती. छोट्या हेलिकॉप्टरसारखा तो ड्रोन सुमारे 200 फुटांवर एका जागी तरंगायचा, आणि त्याच्या पोटातून जमिनीपर्यंत एक केबल उतरलेली असायची. वीज त्याच केबलने वर जायची, माहितीची ये-जा तिच्यातूनच व्हायची, आणि खालून ती उपग्रहामार्फत मुख्य यंत्रणेला जोडलेली असायची. म्हणजे आकाशातून येणारी सेवा खरं तर खाली उभ्या असलेल्या सामानावर चालत होती. ड्रोनने जे दिलं ते मनोऱ्याच्या उंचीचं बळ, तेही लोखंड न उभारता.

उंचीबद्दलही एक लाडका समज आहे: जितकं वर जावं तितकी रेंज लांब. नजरेच्या रेषेपुरतं ते बरोबर आहे. 200 फुटांवरून, म्हणजे सुमारे 60 मीटरवरून, क्षितिज साधारण 27 किलोमीटरवर असतं. पण फ्लाइंग काऊचा दावा होता जास्तीत जास्त 40 चौरस मैलांचा, म्हणजे जेमतेम पावणेसहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा. विंग लूंग तिच्या कित्येक पट उंच उडत होतं, तरी मीहेत त्याने व्यापलेलं क्षेत्र सुमारे 50 चौरस किलोमीटर होतं, चार किलोमीटर त्रिज्येचं. बाकीचं क्षितिज गेलं कुठे? ते अडलं आपल्या खिशात. संभाषण दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं, आणि 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅटने प्रक्षेपण करतो. वरून ओरडणाऱ्याचा आवाज दूरवर पोचेलही, पण खालून कुजबुजणाऱ्याचं वर ऐकू गेलं पाहिजे. शिवाय उंचावरचा अँटेना शेजारच्या चालू टॉवरच्या हद्दीतही डोकावतो आणि तिथल्या फोनना अडथळा करतो. जमिनीवरच्या टॉवरचे अँटेना मुद्दाम थोडे खाली झुकवलेले असतात ते याचसाठी.

रेंजची कांडी दिसली म्हणजे सगळं चालणार, हेही खरं नाही. मीहेत रात्री आठपर्यंत 2,572 फोन त्या विमानाला जोडले गेले, एका वेळी जास्तीत जास्त 648, आणि एकूण डेटा वापरला गेला सुमारे 1,090 एमबी. माणशी हिशेब केला तर अर्धा एमबीसुद्धा होत नाही. आपल्याकडे एखादा मुलगा जेवता जेवता व्हिडिओ पाहत तेवढा डेटा संपवतो. पण ‘आम्ही छतावर आहोत, आजी सोबत आहे’ एवढं सांगायला अर्धा एमबी पुष्कळ झाला. या आकड्याला कमी म्हणायचं की जास्त, हे आपण त्या यंत्राकडून काय मागतो यावर ठरतं. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते: एसएमएसमध्ये नाव चायना मोबाइलचं होतं. ड्रोन ज्या कंपनीचा रेडिओ घेऊन जातो, त्याच कंपनीच्या सिमला तो ओळखतो. दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांना त्यावर येऊ द्यायचं, तर तशी परवानगी आणि जोडणी आधीच करून ठेवावी लागते. भारतात चक्रीवादळाच्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकांना दुसरीच्या टॉवरवर येऊ देण्याची सोय दूरसंचार विभाग करून देतो, ती याच जातीची.

मग ड्रोन कायमचाच वर ठेवता येणार नाही का? पंखे फिरवून तरंगणाऱ्या ड्रोनला एक किलो वजन नुसतं हवेत धरायला ढोबळमानाने शंभर ते दोनशे वॅट लागतात. बॅटरीवर हा खेळ अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. केबल बांधतात ती त्यामुळेच. दुसरी वाट सौरशक्तीवर पातळ हवेत उडणाऱ्या लांब पंखांच्या विमानांची. फेसबुकच्या अक्विला विमानाचे पंख बोइंग 737 पेक्षा लांब होते. 28 जून 2016 रोजी त्याने पहिलं उड्डाण केलं, दीड तासाहून थोडं अधिक. उतरताना पंखाचा सांगाडा मोडला, आणि 2018 मध्ये कंपनीने स्वतःचं विमान बनवणं थांबवलं. गूगलच्या घरातल्या लूनने विमानाऐवजी फुगे निवडले, मारियानंतर पोर्तो रिकोत खरंच काम केलं, 2020 मध्ये केनियात व्यावसायिक सेवाही सुरू केली. जानेवारी 2021 मध्ये लून बंद करण्याची घोषणा झाली. कारण तंत्राचं नव्हतं, खर्च पुरेसा खाली येत नव्हता. एअरबसचं झेफायर, 25 मीटर पंखांचं आणि फक्त 75 किलो वजनाचं, 2022 मध्ये सलग 64 दिवस हवेत राहिलं. हा पराक्रमच आहे. पण 75 किलोच्या विमानात रेडिओसाठी किती वजन उरणार, हेही त्यासोबत विचारायला हवं. ज्या पाड्यावर ग्राहक कमी म्हणून टॉवर परवडत नाही, तिथे त्याहून महाग यंत्र वर फिरत ठेवणं परवडेल, हा हिशेब अजून कोणी जुळवून दाखवलेला नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग हा सगळा खटाटोप कशाला? चाकांवरचा टॉवर ट्रकने नेता येतो, आणि आता तर उपग्रह थेट साध्या फोनशी बोलू लागले आहेत. आक्षेप वजनदार आहेत. ट्रक पोचत असेल तर ट्रकच पाठवावा, तो स्वस्त आणि टिकाऊ. पण मीहेचा रस्ताच तुटला होता, आणि विंग लूंग ग्वेईचौ प्रांतातून साडेचार तासांत तिथे पोचलं होतं. उपग्रहाचं म्हणाल, तर 2024 मध्ये अमेरिकेतल्या हेलीन चक्रीवादळानंतर स्टारलिंकच्या उपग्रहांमार्फत आपत्तीचे इशारे आणि एसएमएस साध्या फोनपर्यंत पोचवण्याची तातडीची परवानगी मिळाली. पण शेकडो किलोमीटरवरून येणारा सिग्नल घराच्या भिंतीआड क्षीण होतो, आणि त्याची क्षमता फार मोठ्या प्रदेशात वाटली जाते. ड्रोनला उपग्रहाने निकालात काढलं असं नाही. उलट खालची थाळी लहान झाली, कुठेही मांडता येऊ लागली, म्हणून ड्रोनची दुसरी अडचण, कॉल पुढे पाठवण्याची, हलकी झाली.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे: एवढा पैसा असेल तर टॉवरच्या बॅटऱ्या वाढवा. तो मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, विजेचे खांब आडवे झाले, श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस अंधार होता आणि फोन मुके झाले होते. अशा वेळी टॉवर कोसळून जितकं नेटवर्क जातं, त्याहून जास्त जातं वीज नसल्यामुळे आणि केबल तुटल्यामुळे. त्यावर पहिला उपाय बॅटरी, डिझेल आणि पर्यायी केबल हाच. फक्त हे सगळं थकल्यावर जे दोन दिवस उरतात, त्यांच्यासाठी दाव्याला बांधलेला एक ड्रोन जिल्ह्याच्या ठिकाणी तयार असणं चैनीचं म्हणता येणार नाही. वादळ चालू असताना तो उडणार नाही, हे मात्र समजून घ्यावं. वारा ओसरल्यावरच त्याची पाळी येते. आणि बचावाचं हेलिकॉप्टर त्याच आकाशात फिरत असेल, तर दोनशे फुटी केबल हा धोकाच, म्हणून ड्रोनची जागा आधी ठरलेली हवी.

उरले दोन गैरसमज. वरून येणाऱ्या लहरी अधिक घातक, ही भीती उलटी आहे: रेंज क्षीण असते तेव्हा कानाला लावलेला फोनच पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करतो, केंद्र जवळ आलं की तो आवाज उतरवतो. आणि लग्नात शूटिंग करणाऱ्या कोणालाही ड्रोनवर राउटर बांधून गावाला मोबाइलची रेंज देता येईल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत विनापरवानगी उडता येतं, पण मोबाइलच्या लहरी ज्या कंपनीने लिलावात घेतल्या तिच्याच असतात. तेव्हा कोकणातल्या एखाद्या तालुक्यासाठी असा ड्रोन घ्यायचं ठरलं, तर मे महिन्यातच बसून ठरवण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत: रेडिओ कोणत्या कंपनीचा, बाकीच्यांचे सिम त्यावर चालणार का, थाळी कोणत्या शाळेच्या गच्चीवर, आणि खालच्या जनरेटरचं डिझेल तिसऱ्या दिवशी कोण आणून देणार.