‘लेकराला वळण नाही’ म्हणण्याआधी

पुण्या-मुंबईचे पाहुणे सुट्टीत साकोली-लाखांदूरकडे आले की गावच्या पोरांवर हा शेरा हमखास मारतात. शहरातल्या पोरांवर तोच शेरा गावचे आजी-आजोबा मारतात. दोन्हीकडे मोजमाप आपापल्या घरचं, आणि चूक तिथेच होते.

गैरसमज : ‘थँक्यू’ न म्हणणारं मूल असंस्कारी असतं.

पाहुणा ओसरीवर टेकतो न टेकतो तोच घरातली मुलगी कुणी न सांगता पाण्याचा तांब्या आणून देते. पाहुणा पाणी पितो, गप्पा सुरू होतात. आभार कुणीच मानत नाही, कारण घरच्या माणसाचे आभार मानले तर ते परकेपणाचं वाटतं. हे काही फक्त आपल्याकडेच नाही. जगातल्या आठ भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मागितलेली वस्तू किंवा मदत मिळाल्यावर लोकांनी वीस वेळांतून जेमतेम एकदा आभार मानले. इंग्रजी बोलणाऱ्यांत हे प्रमाण जास्त होतं, तर इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत आभाराचा शब्द एकदाही आला नाही. मदत मात्र सगळीकडे सहज मिळत होती.

गैरसमज : धीर धरणं हा मुलाचा स्वभावच असतो, असतो किंवा नसतो.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. आत्ता एक खाऊ घे किंवा थांबलास तर दोन मिळतील, ही परीक्षा जगभर मुलांची घेतली गेली. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतली चार वर्षांची सुमारे ७० टक्के मुलं थांबली. जर्मनीतली साधारण ३० टक्केच. पुढे २०२२ मध्ये जपानी आणि अमेरिकी मुलांवरचा अभ्यास आला. खाऊसाठी जपानी मुलं जास्त वेळ थांबली, पण भेटवस्तूचा कागद उघडायला अमेरिकी मुलं जास्त थांबली. जपानी घरांत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास घेत नाहीत. अमेरिकेत नाताळची भेट त्या दिवसापर्यंत झाडाखाली न उघडता ठेवतात. ज्याची सवय, त्यात धीर.

आता आपल्या लग्नाची पंगत आठवा. पानावर भात पडतो, वरण पडतं, वाफ निघत असते, पण शेवटच्या पानापर्यंत वाढून होईस्तोवर पाच-सहा वर्षांचं पोरगंही हात मांडीवर ठेवून बसतं. शाळेतल्या पोषण आहाराच्या वेळीही ‘वदनी कवळ घेता’ म्हणून होईपर्यंत ताटाला हात लागत नाही. तेच पोरगं वाढदिवसाचं पाकीट हातात पडताच फाडतं, कारण तिथे थांबायला त्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं. शहरी मावशीला फक्त फाटलेला कागद दिसतो.

गैरसमज : मान देण्याची रीत सगळीकडे एकच, आणि मान लहानाने मोठ्याला द्यायचा.

शेजारच्या छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही लहान असला तरी. जुन्या भंडारा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या गोंदियातल्या गोठणगाव-प्रतापगड भागात, १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. आपल्याकडे जीभ दाखवणारं पोर मार खातं. जुन्या तिबेटमध्ये जीभ बाहेर काढणं हा मोठ्यांना केलेला नमस्कार होता. आणि आपलं पोर आजोबांना ‘का गा आबा’ म्हणतं तेव्हा परक्याला तो उद्धटपणा वाटतो, आबांना मात्र तशा हाकेने बरंच वाटतं.

गैरसमज : मारल्याशिवाय वळण लागत नाही.

हा सगळ्यांत जुना, आणि याला संस्कृतीचं नाव देऊन पाठीशी घालू नये. मुलांना मारण्यावर स्वीडनने १९७९ मध्ये बंदी घातली, घरातसुद्धा. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतला मार आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पंगतीत थांबायला आपल्या पोरांना छडीने कुणी शिकवलेलं नाही. शेजारी बसलेला आजा थांबतो, म्हणून तीही थांबतात.