पेशीचा जोर: मोजतो काय आणि काढतो काय

‘ट्रॅक्शन फोर्स मायक्रोस्कोपी’ हे नाव ऐकून वाटतं की मायक्रोस्कोपमध्ये बल दिसत असेल. दिसत नाही. दिसतं फक्त सरकणं. बल आपण त्यावरून गणिताने काढतो.

1980 साली अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉन रबराच्या अगदी पातळ पापुद्र्यावर पेशी वाढवल्या, तेव्हा दुधाच्या सायीला पडाव्यात तशा त्याला सुरकुत्या पडल्या. पेशी खालचा पृष्ठभाग ओढते हे त्यातून डोळ्यांनी दिसलं. पण सुरकुतीवरून नेमका आकडा काढणं अवघड.

म्हणून आता आपण पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल वापरतो. प्रोटीनसाठी ओतता तेच, फक्त खूप मऊ, काही किलोपास्कलचं. त्यात चमकणारे बारीक मणी घालायचे, आणि वर कोलॅजनचा थर, कारण नुसत्या जेलला पेशी चिकटत नाही. पेशी बसली की मण्यांचा एक फोटो. मग ट्रिप्सिन घालून पेशी सोडवायची, जेल मूळ जागी परत येतं, तेव्हा दुसरा फोटो. दोन्हींतला फरक म्हणजे सरकणं. त्यात जेलचा स्टिफनेस घातला की बल मिळतं, नॅनोन्यूटनमध्ये. (1 नॅनोन्यूटन म्हणजे साधारण 0.1 मायक्रोग्रॅमचं वजन!)

म्हणजे सगळी मदार त्या दुसऱ्या, पेशी नसलेल्या फोटोवर. पहिल्या वर्षी मी तिथेच आपटले. ट्रिप्सिन घालताना पिपेट डिशला लागलं आणि डिश किंचित फिरली. सॉफ्टवेअरने तक्रार केली नाही, उलट मस्त लाल-निळा नकाशा दिला. तो मी मीटिंगमध्ये अभिमानाने दाखवला. एका सीनियरने एवढंच विचारलं, “पेशीपासून इतक्या लांबचे मणी का गं सरकलेत?” दोन महिन्यांचा डेटा परत तपासला, निम्म्याहून जास्त टाकून द्यावा लागला.

तर नकाशा बघण्याआधी लांबचे मणी बघा. ते जागेवरच हवेत. मग सगळ्या बलांची दिशेसकट बेरीज करा. पेशी इतकी सावकाश सरकते की ती बेरीज जवळपास शून्य यायला हवी. नाही आली तर चूक पेशीची नाही, तुमची.

आणि जेलचा स्टिफनेस रेसिपीच्या कागदावरून उचलू नका, स्वतः मोजा. तो 20 टक्के चुकला की बलही तितकंच चुकतं, आणि हे मणी बघून कळत नाही. मी आता डिश टेपने स्टेजला चिकटवते आणि ट्रिप्सिन बारीक नळीने सोडते. दिसायला गावठी आहे, पण डिश हलत नाही.