उणे नऊचा आकडा

टाळेबंदीच्या दिवसांत वाकडच्या सोसायट्यांतून काढ्यांच्या कृतींबरोबर एक वार्ताही हातोहात फिरली, की गुळवेल, अश्वगंधा आणि हळद यांतील द्रव्ये करोना विषाणूस जेरीस आणतात, हे आता संगणकानेच सिद्ध केले आहे. आणि शेजारच्या ताथवड्यात जैवमाहितीशास्त्राची स्वतंत्र संस्थाच नांदत असल्याने, या वार्तेस वजन चढणे स्वाभाविकच होते. वस्तुतः संगणक अशा प्रकरणी काहीच सिद्ध करीत नाही. तो फक्त दरखास्त लिहून देतो. मंजुरी प्रयोगशाळेकडून आणि अखेरीस रुग्णांवरील चाचणीतून मिळवावी लागते.

ही दरखास्त तयार कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. विषाणूच्या मुख्य प्रथिनछेदक विकराची त्रिमितीय रचना चिनी संशोधकांनी २०२०च्या फेब्रुवारीत जगाला खुली केली, आणि ऑटोडॉक व्हायनासारख्या विनामूल्य आज्ञावलीने त्या विकराच्या खोबणीत हजारो वनस्पतिजन्य रेणू बसवून पाहणे साध्या संगणकावरही शक्य झाले. आज्ञावली रेणूला वळवते, फिरवते आणि बंधनाची ऊर्जा उणे सात, उणे आठ, उणे नऊ किलोकॅलरी अशी मांडते. वर्तमानपत्री मथळा उभा राहतो तो या आकड्यावर. परंतु या हिशेबात प्रथिन बहुधा ताठर धरलेले आणि भोवतालचे पाणी ढोबळ मानाने घेतलेले असल्यामुळे दोन-तीन किलोकॅलरींची चूक नित्याचीच असते. सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक म्हणजे बंधनाच्या बळात दसपट तफावत, हे ध्यानी घेतले म्हणजे उणे आठ आणि उणे नऊ यांतली हारजीत किती पोकळ, ते उमगते. हळदीतील कुरकुमिनची तऱ्हा तर याहून न्यारी: ते प्रयोगनळीतल्या कितीतरी चाचण्यांत खोटाच होकार देते आणि पोटातून रक्तात जेमतेम उतरते.

म्हणून ही सारी छाननी निव्वळ थोतांड, असा निवाडा देणारेही चुकतात. जपानच्या शिओनोगी कंपनीने याच विकरासाठी आपल्या संग्रहातील रसायने आधी संगणकावर चाळली, निवडक रेणू प्रत्यक्ष तपासले, मग त्यांची घडण बदलली. त्यातून निपजलेल्या एन्सिट्रेल्विरला २०२२च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने तातडीची मान्यता दिली. पुण्यात मोजणी आणि तपासणी यांची ठाणी पाषाणातच आहेत: परम महासंगणक घडविणारे सी-डॅक, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा, जेथे जिवंत विषाणू हाताळता येतो. अंतर थोडके, पण बहुतेक द्रव्ये वाटेतच गळतात.

वनस्पतीत औषधाचा कच्चा माल सापडला म्हणजे ती वनस्पतीच औषध, हाही एक भ्रमच. २००९च्या ऑगस्टात स्वाइन फ्लूने पुणे हादरले, तेव्हा ज्या टॅमिफ्लूसाठी धावपळ उडाली, त्या औषधास लागणारे शिकिमिक आम्ल मुख्यतः चक्रीफुलातून, म्हणजे आपल्या मसाल्याच्या बाद्यानातून, काढले जात असे. तथापि त्या आम्लावर कारखान्यात अनेक रासायनिक संस्कार घडल्यावरच औषध हाती येते. बाद्यान उकळून प्यायल्याने फ्लू हटत नाही.

निसर्गदत्त ते निर्धोक, ही समजूतही तपासून घ्यावी अशीच. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने, रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती याची शहानिशा झालेली नाही, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. पण मग संगणकात भरलेला शुद्ध रेणू आणि कुंपणावरून तोडून आणलेली कांडी ही एकच, असे तरी कोणी आणि कोणत्या दाखल्यावरून ठरविले?