म्हशीनं गोगलगाय गिळली म्हणून पर्णकृमी होत नाहीत

पावसाळा सरून धान कापणीला आलं की भंडारा-गोंदियाकडच्या गोठ्यांतून एक वाक्य हमखास कानी पडतं : ‘डॉक्टरसाहेब, चाऱ्यात गोगलगाय आली असेल. म्हशीनं ती गिळली, म्हणून हे जंत झाले.’ म्हैस समोर उभी असते. जबड्याखाली पाणी उतरून सूज आलेली, पापणीच्या आतली कड पांढरी पडलेली, दूध आटलेलं. लक्षणं पर्णकृमींची, म्हणजे लिव्हर फ्लूकचीच असतात. मालकानं रोग बरोबर ओळखलेला असतो, कारण मात्र चुकीचं धरलेलं असतं. कारण चुकलं की उपायही चुकतो. तो वैरणीतल्या गोगलगायी वेचून फेकतो आणि तीच ओली वैरण निर्धास्तपणे म्हशीपुढे टाकतो. अशिक्षितांचा गैरसमज म्हणून हे सोडून देता येत नाही. चांगली शिकलेली माणसंही हेच सांगतात, आणि तेव्हा मला राग येतो, कारण त्यांच्या शब्दावर गाव विश्वास ठेवतं.

खरं असं आहे की कृमीची पिल्लं गोगलगायीतून आधीच बाहेर पडलेली असतात. ती गवताच्या, धानाच्या देठाला चिकटून बसतात आणि त्या देठासोबत म्हशीच्या पोटात जातात. शिवाय रोग लागण्याचा क्रमही लोक समजतात त्याच्या उलटा आहे. आधी म्हैस गोगलगायीला आजारी पाडते.

आपल्याकडच्या या पर्णकृमीचं शास्त्रीय नाव फॅसिओला जायगँटिका. तो पानासारखा चपटा असतो आणि जनावराच्या पित्तनलिकांत राहतो. त्याची अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि शेणातून बाहेर पडतात. शेण कोरड्या जागी पडून वाळलं तर बहुतेक अंडी तिथेच संपतात. पण म्हैस तळ्यात डुंबली, किंवा पाणी भरलेल्या बांधीत शेण पडलं, की शेण विरघळतं, अंडी सुटी होतात आणि उबदार पाण्यात साधारण दोन आठवड्यांत त्यांतून मिरासिडियम नावाची अळी बाहेर येते. अंगभर बारीक केसांची झालर, डोळ्यांसारखे दोन ठिपके, आणि खायची काही सोयच नाही. अंड्यातून जेवढी शिदोरी मिळाली तेवढ्यावर पोहायचं. एका दिवसाच्या आत योग्य गोगलगाय सापडली नाही तर ती मरते.

‘योग्य’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तळ्यातली कुठलीही गोगलगाय तिला चालत नाही. भारतात तिची मुख्य यजमान आहे लिम्निया ऑरिक्युलेरिया. शंख पातळ आणि त्याचं तोंड कानाच्या पाळीसारखं पसरट, म्हणून हे नाव. अळी गोगलगायीच्या चिकट स्रावाचा माग काढते, अंगाला टोक भिडवते, स्रावानं कातडी विरघळवत आत घुसते आणि घुसताना केसांची झालर टाकून देते. भलत्याच जातीच्या गोगलगायीत शिरली, तर तिच्या रक्तातल्या पेशी अळीला घेरून संपवतात.

पुढचा भाग जवळपास कुणीच सांगत नाही. गोगलगायीला ‘वाहक’ म्हणून मोकळं होतात, जणू ती कृमींची बैलगाडी आहे. आत काय चालतं ते पाहा. शिरलेल्या अळीची एक पिशवी बनते, स्पोरोसिस्ट. तिला तोंड नाही, आतडं नाही. या पिशवीत रेडिया नावाच्या अळ्या तयार होतात. सडक्या मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, हे १६६८ मध्ये प्रयोगानं दाखवणाऱ्या फ्रान्सेस्को रेडी यांच्यावरून हे नाव पडलं आहे. ‘घाणीतून जंत आपोआप होतात’ म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. रेडियाला तोंड आणि आतडं दोन्ही असतं. ती गोगलगायीची पचनग्रंथी अक्षरशः खात सुटते. तिच्या पोटात आणखी रेडिया तयार होऊ शकतात, आणि शेवटी शेपटीवाल्या सर्केरिया. हे सगळं नर-मादीच्या मीलनाशिवाय. एक मिरासिडियम आत गेला, तर दीड-दोन महिन्यांत शेकडो सर्केरिया बाहेर पडू शकतात. बिचाऱ्या गोगलगायीची अंडी घालण्याची ताकद मात्र खचते.

बाहेर पडलेली सर्केरिया पाण्यात पोहत एखाद्या देठाला चिकटते, शेपूट टाकते आणि काही तासांत स्वतःभोवती कवच विणते. या कोषाला मेटासर्केरिया म्हणतात. तो टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान असतो आणि ओलसर वैरणीत काही आठवडे जिवंत राहू शकतो. हाच म्हशीच्या पोटात जायला हवा. मग लहान आतड्यात कोष फुटतो, पिल्लू आतड्याची भिंत भोसकून यकृतात शिरतं, तिथे काही आठवडे बोगदे खणतं आणि पित्तनलिकेत पोचतं.

यात नवं काहीच नाही, म्हणून तर आश्चर्य वाटतं. १८७९-८० मध्ये इंग्लंडात या कृमीच्या चुलतभावामुळे, फॅसिओला हेपॅटिकामुळे, सुमारे ३० लाख मेंढ्या मेल्या. त्यानंतर ऑक्सफर्डचे अल्जर्नन थॉमस आणि लाइपझिगचे रुडॉल्फ लॉइकार्ट या दोघांनी स्वतंत्रपणे गोगलगायीतला हा सगळा प्रवास उलगडला. थॉमस यांचा निबंध १८८३ चा. गवतावरचे कोष खाऊन जनावराला लागण होते हे आडोल्फो लुट्झ यांनी हवाई बेटांवर १८९२-९३ च्या सुमारास दाखवलं. तेव्हाचं हे ज्ञान अजून आमच्या गोठ्यात पोचायचं आहे.

‘बरं, समजा गिळलीच गोगलगाय, तर?’ तिच्या पोटातल्या रेडिया आणि सर्केरियांभोवती जठरातून सुखरूप नेणारं कवच अजून आलेलं नसतं. त्या तिथेच पचतात.

म्हणून जपायचं ते वैरणीला. धानाच्या ताटाचा जो भाग पाण्यात बुडलेला होता तिथेच कोष जास्त असतात, म्हणून बुडाचा ओला भाग जनावराला घालू नये. तणस कडक उन्हात पुरती वाळवावी, अर्धवट ओली घालू नये. आणि शेण पाण्यात जाऊ देऊ नये. गोगलगायीला लागण होते ती तिथूनच. बदकं पाळली तर ती गोगलगायी खाऊन कमी करतात, हे खरंच उपयोगी आहे. तळ्यात औषध ओतून सगळ्या गोगलगायी मारायला मात्र जाऊ नका, मासेही मरतील.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीन फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायींमुळे जनावरांना लिव्हर फ्लूक होईल, अशी भीती तेव्हा बोलली गेली. त्या जमिनीवरच्या गोगलगायी, या पर्णकृमीच्या यजमान नव्हेत.

व्हॉट्सॲपवर फिरणारा, गोगलगायीच्या डोळ्यांच्या दांड्यांत रंगीत पट्टे धडधडताना दिसणारा व्हिडिओ वेगळ्याच कृमीचा आहे, ल्युकोक्लोरिडियमचा. तो पक्ष्यांत वाढतो. तिथे गोगलगायीचा तुकडा खरोखरच खाल्ला जावा लागतो, आणि गोंधळ वाढतो तो यामुळेच.

कुठलीही जंताची मात्रा दिली की झालं, असं नाही. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालतं, पर्णकृमींवर नाही. आणि पर्णकृमींची बरीचशी औषधं पित्तनलिकेतल्या मोठ्या कृमींनाच मारतात, यकृतात फिरणारी पिल्लं सुटतात. मात्रा आणि वेळ पशुवैद्यकाकडूनच घ्या.

शिजवलेली कलेजी खाऊन माणसाला हा रोग लागत नाही. पाण्यातली कच्ची भाजी न शिजवता खाल्ली, तर लागू शकतो. तळ्यातले कच्चे शिंगाडे दातांनी सोलू नयेत. त्यांच्या सालीवर दुसऱ्या एका पर्णकृमीचे कोष असू शकतात.

गोगलगायीतून माणसाला येणारे चपट्या कृमींचे रोग आफ्रिकेतले, आपल्याकडे ते नाहीत, असंही ऐकतो. १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याच्या आजारामागे शिस्टोसोमा कृमी असल्याचं गाडगीळ आणि शहा यांनी नोंदवलं. पुढे त्यांनी त्याचा यजमानही दाखवला : फेरिसिया टेन्युइस, पीळदार शंखही नसलेली, टोपीसारख्या कवचाची इवलीशी गोगलगाय. या कृमीच्या सर्केरियांना कुणी गिळण्याची गरजच नसते. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून त्या थेट आत शिरतात.