पायाची शीर लाल होऊन दुखतेय? चोळण्याआधी हे वाचा

पोटरीवरची एखादी शीर अचानक लाल होते, हात लावला तरी दुखते आणि त्वचेखाली दोरीसारखी टणक लागते. घरात लगेच तेलाची बाटली निघते. "शीर आखडली असेल, जरा चोळून देते," असं कुणीतरी म्हणतं. नेमकं हेच करायचं नसतं. कारण अशा सुजलेल्या शिरेत बहुतेक वेळा रक्ताची गुठळी असते.

शिरेला सूज का येते?

पायातलं रक्त खालून वर, हृदयाकडे न्यावं लागतं. चालताना पोटरीचे स्नायू शिरांवर दाब देऊन ते वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. रक्ताचा वेग मंदावला, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा झाली किंवा रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढली, की गुठळी तयार होऊ शकते. म्हणूनच व्हेरिकोज व्हेन्स असलेले, शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेले, गर्भवती आणि बाळंतीण, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया तसेच कर्करोगाचे रुग्ण यांना हा धोका जास्त असतो.

वरची शीर की खोलवरची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. त्वचेलगतची शीर सुजली तर तिच्या रेषेतच लाली किंवा काळपटपणा, उष्णता आणि दुखणं जाणवतं. खोल शिरेत गुठळी झाली, तर बाहेरून रेषा दिसत नाही. सहसा एकच पाय सुजतो, जड होतो, पोटरी दुखते. ही गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतू शकतं.

मात्र नुसतं बघून खात्री होत नाही. वरच्या शिरेसोबत खोल शिरेतही गुठळी असू शकते. त्यामुळे डॉक्टर डॉप्लर सोनोग्राफी करायला सांगतात. ही तपासणी दुखत नाही.

उपचार काय?

वरच्या शिरेतली गुठळी लहान असेल तर कोमट शेक, बसताना पाय उंचावर ठेवणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी किंवा मलम एवढ्यावर भागतं. दुखणं साधारणपणे काही आठवड्यांत ओसरतं. टणकपणा मात्र त्यानंतरही राहू शकतो. दाब देणारे मोजे उपयोगी पडतात, पण पायाच्या रोहिण्यांत रक्तपुरवठा कमी असेल तर ते घातक ठरतात, म्हणून विचारूनच घालावेत. जंतुसंसर्ग नसेल तर अँटिबायोटिकची गरज नसते.

गुठळी ५ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असेल किंवा जांघेजवळ पोहोचली असेल, तर रक्त गोठू न देणारी औषधं साधारण ४५ दिवस दिली जातात. खोल शिरेतल्या गुठळीसाठी ती किमान ३ महिने घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून ही औषधं मनाने बंद करू नयेत.

पडून राहावं का?

नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडं थोडं चालावं. लांबच्या प्रवासात अधूनमधून उठावं, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत, पाणी पीत राहावं. बाळंतिणीच्या पायाला मालिश करण्याआधी एका पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं नाही ना, हे पाहावं. तसं असेल तर मालिश थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावं.

वाट पाहू नका

एक पाय अचानक सुजला, लाली वर मांडीकडे सरकू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर थेट १०८ ला फोन करा. अशा वेळी सकाळपर्यंत थांबणं महागात पडू शकतं.