सत्तर पाउंडांचं धनुष्य आणि परड्यातलं भेकर

गेल्या हिवाळ्यात कोकणात मिठबावला एका ओळखीच्या घरी खळ्यात बसलो होतो. घरच्या मुलाने मोबाईलवर एक कंपाउंड धनुष्य दाखवलं. ७० पाउंडांचं, सोबत रुंद पात्यांचे फाळ. रात्री भेकर येऊन परड्यातली चवळी खाऊन जातं, त्यावर त्याने शोधलेला हा उपाय. "परवानो बंदुकेक लागता, धनुष्याक कसलो?" तो म्हणाला.

आधी याच समजाबद्दल बोलायला हवं, कारण यापायी माणूस तुरुंगात जातो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा हातात कोणतं हत्यार आहे ते विचारत नाही. समोर कोणतं जनावर आहे ते विचारतो. बंदूक, फासकी, विष, बाण, सगळं शिकारीच्या एकाच व्याख्येत येतं. मारण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो, त्यामुळे बाण चुकला तरी गुन्हा होतोच. शिक्षा जनावर कोणत्या अनुसूचीत आहे त्यावर ठरते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान ३ वर्षं कैद, ती ७ वर्षांपर्यंत जाते. मेलेलं जनावर सरकारचं, आणि ज्याने मारलं ते धनुष्य आणि ज्यातून आणलं ती गाडीही सरकारजमा.

"पीक खाल्लं की मारायला मोकळीक" हाही समज गावोगाव आहे. तशी मोकळीक कुणालाच नाही. मारण्याची परवानगी फक्त वनखातं देतं, तीही ठरावीक प्रसंगी आणि लेखी. शेतसंरक्षणाची बंदूक घरात आहे म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. नुकसान झालं असेल तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. हरीण, रानडुक्कर, गवा यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मिळते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

आता त्या ७० पाउंडांकडे येऊ. पाउंडेज म्हणजे धनुष्य ताणायला लागणारा जोर. जास्त पाउंडेजचं धनुष्य म्हणजे चांगलं धनुष्य, असं नवशिक्याला वाटतंच. २०२३च्या जागतिक स्पर्धेत बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. त्या स्पर्धेत ६० पाउंडांच्या वरचं कंपाउंड चालतच नाही. विश्वविजेत्यालाही जे लागलं नाही, ते पहिल्या दिवशी हातात कशाला घ्यायचं?

रिकर्व्हवर, म्हणजे बिनचाकांच्या धनुष्यावर, छापलेला आकडा २८ इंच खेचीचा असतो, हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही. ५ फूट ४ इंच उंचीच्या माणसाची खेच साधारण २६ इंच भरते, म्हणून त्याच्या हातात तेच धनुष्य चार-पाच पाउंड हलकं पडतं. कंपाउंडचा हिशेब निराळा. पूर्ण ताणल्यावर चाकं भार उतरवतात, आणि ८० टक्के भार उतरवणारं ६० पाउंडांचं धनुष्य १२ पाउंडांवर धरता येतं. मात्र त्याआधीचा पूर्ण ६० पाउंडांचा टप्पा खांद्यानेच ओलांडावा लागतो. खांदा इथेच दुखावतो. रिकर्व्ह शिकणाऱ्या प्रौढाने २० ते २८ पाउंडांत सुरुवात करावी, लहान मुलाने त्याहून कमी. खुर्चीवर बसून, धनुष्य आकाशाकडे न उचलता सरळ मागे ओढा आणि दहा-पंधरा सेकंद धरा. हात थरथरला तर धनुष्य तुमच्यासाठी भारी आहे.

राहिला फाळ. चित्रपट पाहून वाटतं, बाण लागला की जनावर जागीच कोसळतं. तसं होत नाही. रुंद पात्याचा फाळ धक्क्याने मारत नाही. तो रक्तवाहिन्या कापतो आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणून तर जिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे त्या अमेरिकेत बरीच राज्यं किमान पाउंडेज ठरवून देतात. कमी पाउंडेजला उघडझाप पात्यांचा फाळ टाळतात, कारण पाती उघडण्यातच जोर खर्च होतो. स्थिर, दोन पात्यांचा फाळ आत शिरतो. ब्रिटनमध्ये मात्र धनुष्याने हरीण मारण्यावर बंदीच आहे.

पाउंडेज कितीही वाढवलं तरी आवाज बाणाच्या पुढेच धावतो. सेकंदाला ७५ मीटर जाणारा बाण ३० मीटरवर पोचायला ०.४ सेकंद घेतो, प्रत्यंचेचा आवाज ०.०९ सेकंदात पोचतो. मधल्या ०.३ सेकंदात सावध हरीण दबकून उसळी घेतं आणि छातीवर नेम धरलेला बाण पाठीत किंवा पोटात बसतो. असं जनावर रात्रभर झुडपात तडफडत राहतं. मला हे सगळ्यात असह्य वाटतं, आणि कुणाच्या परड्यातल्या चवळीसाठी ते पत्करावं असं मला अजिबात वाटत नाही.

सरावाच्या लक्ष्यावर रुंद फाळ वापरूच नये. तो लक्ष्य फाडतो, आणि काढताना बोटंही. तिथे साधं टोकच हवं. मिठबावच्या किनाऱ्यावर सुरूंच्या दिशेने बाण सोडू नये, पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. चिऱ्याच्या गडग्यावर थेट मारला तर बाण उलटून येतो. गडग्यापुढे पेंढ्याचे घट्ट भारे रचावेत आणि पहिले काही आठवडे दहा मीटरांवरूनच मारावं.

त्या मुलाला मी २४ पाउंडांचं रिकर्व्ह सुचवलं. चवळीच्या वाफ्याभोवती जाळी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बांधली.