हूक नसलेली खिडकी

मित्रांच्या अड्ड्यावर कुणीतरी भन्नाट विनोद सांगतो. सगळे खो खो हसतात. एकाचे मात्र गुडघे लटपटतात, मान झुकते आणि तो मटकन खाली बसतो. चक्कर नाही, फिट नाही. त्याला सगळं ऐकू येत असतं, फक्त अंग हलत नाही. मिनिटभराने उठून तो कपडे झटकतो. हसल्याने माणूस कोसळतो? हो! याला म्हणतात कॅटाप्लेक्सी, आणि ती ज्या आजारात होते तो नार्कोलेप्सी.

हे नाव १८८० साली झेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं. त्यांचा रुग्ण होता दारूचा व्यापारी, दिवसातून कितीतरी वेळा अचानक झोपी जाणारा. कारण हाती लागायला मात्र जवळजवळ सव्वाशे वर्षं गेली, आणि वाट दाखवली कुत्र्यांनी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही डोबरमन पाळले होते. आवडीचं खाणं समोर आलं की आनंदाने ते धपकन आडवे! १९९९ मध्ये त्यांच्या एका जनुकात दोष सापडला. मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन असतं. त्याचा निरोप घेणारी यंत्रणाच या कुत्र्यांत बहिरी होती. आणि गंमत पाहा, हे रसायन सापडूनही जेमतेम वर्षच झालं होतं.

माणसात काय बिघडतं? पुढच्याच वर्षी उत्तर मिळालं: इथे निरोप देणाऱ्या पेशीच नाहीशा होतात. मेंदूत अब्जावधी पेशी. त्यांतल्या ओरेक्सिन बनवणाऱ्या फक्त पन्नास ते ऐंशी हजार. तेवढ्या गेल्या की दिवसरात्रीची घडीच विस्कटते. त्या का मरतात? दाट संशय आपल्याच प्रतिकारशक्तीवर आहे.

ओरेक्सिन म्हणजे खिडकीचा हूक समजा. हूक लावला की खिडकी उघडी तर उघडी, बंद तर बंद. हूक नसेल तर? वाऱ्याच्या झुळकीसरशी आपटत राहते. म्हणून दिवसा झोपेची झापड येते आणि रात्री झोप पुन्हा पुन्हा मोडते. ‘हा तर कुंभकर्ण’ हा शेरा इथेच खोटा ठरतो, कारण चोवीस तासांचा हिशेब मांडला तर यांची एकूण झोप इतरांपेक्षा फारशी जास्त भरत नाही!

आता त्या हसण्याकडे वळू. स्वप्न पाहताना मेंदू आपले स्नायू सैल सोडतो, नाहीतर स्वप्नातल्या वाघामागे आपण खरंच पळालो असतो. एरवी स्वप्नांची झोप लागायला तास-दीड तास जातो. यांना ती पंधरा मिनिटांच्या आत गाठते. कधी तर तिचा एक तुकडा जागेपणीच घुसतो: हसता हसता स्नायू सैल! झोपेतून जाग येते, पण अंग हलत नाही, आणि खोलीत कुणीतरी उभं दिसतं. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा. खरं तर ते उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं स्वप्न असतं.

साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो आणि बहुतेकदा तो शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. तेव्हा मुलाला ‘आळशी’ हा शिक्का मिळतो, निदान कित्येक वर्षांनी होतं. गेलेल्या पेशी परत आणणारं औषध अजून नाही. पण झोप आणि झटके आवरणारी औषधं आहेत. आणि एक उपाय अगदी फुकटातला: ठरवून घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची डुलकी. वर्गात किंवा ऑफिसात कुणी ती मागितली, तर हसू नका. घेऊ द्या.